अजगराचा हिवाळी उपास

नोव्हेंबरमध्ये मिशिगनला पहिला बर्फ पडला आणि आमच्या पाळलेल्या बॉल पायथननं, म्हणजे छोट्या जातीच्या अजगरानं, जेवण सोडलं. चिमट्यातला उंदीर समोर आला की जीभ लपलपवायची, मान आखडती घ्यायची आणि सरळ खोपीत परत. बायको म्हणाली, "सगळ्यांचा चातुर्मास संपला, याचा आत्ता सुरू झाला."

नर आहे, तीन वर्षांचा, वजन तेव्हा ९२० ग्रॅम. ही जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिनमधून हे साप जगभर गेले. वयात आलेले नर थंडीच्या आणि विणीच्या दिवसांत महिनोन्‌महिने अन्नाला तोंड लावत नाहीत, हे मी वाचून होतो. तरी दर आठवड्याला एक उंदीर फेकून द्यायची वेळ आली की जीव खालीवर व्हायचाच.

लोक अशा वेळी भक्ष्य बदलून बघतात. जिवंत उंदीर सोड, असा सल्ला तर हमखास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. भूक नसलेल्या सापाबरोबर कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो, आणि त्या जखमा भयंकर असतात. मी आधी त्याच्या राहायच्या काचेच्या पेटीकडे वळलो. घरातलं तापमान हिवाळ्यात वीस-एकवीसवर असतं आणि हीटिंगमुळे हवा कोरडीठाक. थर्मोस्टॅटवर विसंबून न राहता तापमानाची बंदूक रोखून मोजलं. उबदार बाजूला ३१ ते ३२ अंश आणि थंड बाजूला पंचवीसच्या आसपास हवं. ते ठीक निघालं, पण आर्द्रता चाळीस टक्क्यांवर आली होती. ती निदान साठ तरी हवी. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग अॅल्युमिनियम फॉइलनं झाकला, पाण्याचं भांडं मोठं केलं. पुढची कात एकसंध निघाली. जेवण मात्र नाहीच.

मग स्वयंपाकघरातल्यासारखा एक डिजिटल काटा खास त्याच्यासाठी आणला. दर रविवारी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. या वहीनं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणी दिला नाही. जानेवारीअखेर आकडा ८८५ होता, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी घट. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडात सूज किंवा चिकट लाळ आहे का पाहिलं, श्वास ऐकला, विष्ठा जंतांसाठी तपासली. सगळं स्वच्छ. "दहा टक्क्यांच्या वर घटलं तर या. बळजबरीनं भरवू नका, आणि सारखं विचारूही नका," एवढंच सांगितलं. म्हणून आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी उंदीर दाखवायला लागलो.

साताऱ्याहून आई फोनवर दर वेळी विचारायची, "दूध ठेवून बघितलंस का रे?" सापाला दूध पचत नाही, नागपंचमीला पाजतात ते त्याच्या जिवावर बेततं, हे तिला समजावलं. पुढच्या फोनला तिनं अंड्याचं विचारलं.

मार्चच्या मध्यावर, एका पावसाळी संध्याकाळी, त्यानं खोपीतून डोकं बाहेर काढून वाट पाहायला सुरुवात केली. मी मुद्दाम नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर निवडला. फ्रीजरमधून काढून रात्रभर फ्रीजमध्ये, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह कधीच नाही. आतून शिजतो आणि फुटतो. वरच्या ओठावरच्या खाचांनी हा साप उष्णता टिपतो, त्यामुळे उंदराचं डोकं अंगापेक्षा थोडं जास्त कोमट ठेवलं. झडप एवढी जोरात बसली की चिमटा हातातून सुटला.

लहान उंदीर का, तर लांब उपासात आतडं आणि बाकीची पचनाची यंत्रणा आक्रसलेली असते. बर्मीज अजगरांवरच्या संशोधनात दिसलंय की उपाशी असताना जठरात आम्ल जवळजवळ नसतंच; गिळल्यानंतर ते झपाट्यानं वाढतं आणि आतड्याचं वजन एक-दोन दिवसांत दुप्पट होतं. हे सगळं उबेवर चालतं. उब कमी पडली की उंदीर पोटातच सडतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून दोन दिवस पेटीला हात लावला नाही. मुलीला सापाला भेटायचं होतं. तिला काचेबाहेरून बघ म्हटलं.

आठवड्याभरानं विष्ठा पडली. तपकिरी, घट्ट, त्यात उंदराचे केस, आणि शेजारी खडूसारखा पांढरा गोळा, म्हणजे सापाचं मूत्र. हाडाचा कणही नव्हता. हातमोजे घालून साफ केलं, साबणानं हात धुतले, कारण यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पुढचा उंदीरही लहानच दिला, आणि रविवारचं वजन अजून चालू आहे.