बाळा बिन रामजी

मोडी वाचून देणं हा माझा धंदा. २०२३ च्या दिवाळीनंतर मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत पूर्वजांच्या कुणबी नोंदी शोधायची अशी झुंबड उडाली, की जेवायला बसलं तरी दारात कुणीतरी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभा. त्यातलेच हे दोघे. करवीर तालुक्यातल्या एका गावचे सत्तरीतले आबा आणि त्यांचा पुतण्या, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा. आडनाव पाटील.

"गावातल्या समद्यांची नोंद घावली, आमचीच घावंना," आबा म्हणाले. "तीन दिस झालं, पाटील-पाटील करत बसलोय."

कोल्हापुरात नुसत्या आडनावावरून पाटील शोधणं म्हणजे रंकाळ्यात घागर बुडवायची आणि यातलं आपलं पाणी कुठलं म्हणून विचारायचं. मराठा पाटील आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत. इथं मास्तरसुद्धा हजेरी घेताना आडनावाच्या नादी लागत नाहीत. पोराचं नाव, बापाचं नाव, झालं.

मी त्यांच्या गावच्या जन्म-मृत्यू रजिस्टराच्या नकला टेबलावर पसरल्या. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरं टांगतात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. दाटीवाटीनं वाळत घातलेल्या धुण्यातून आपला सदरा ओळखायचा, तसला प्रकार. पहिल्या पानावर २२ नोंदी होत्या. आडनाव लावलेलं नऊच जणांना. बाकी सगळे 'राणू बिन सखाराम', 'जोती बिन येसू'. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, तेवढी ओळख तेव्हा पुरत होती. आणि पाटील? अख्ख्या पानावर एक.

"एकच?" पुतण्या पुढं वाकला. "आता आमच्या गल्लीत दुसरं आडनाव सापडत नाही."

पाटील हे मुळात पद. गावचा कारभार बघणारा पाटील एक, पण वतन अख्ख्या घराण्याचं. भावाभावांत पाळी फिरायची, म्हणून प्रत्येक तक्षीम, म्हणजे घराण्याची वाटेकरी शाखा, पाटील लावायला लागली आणि मूळचं माने, जाधव, जे काय असेल ते देवक-कुळीपुरतं उरलं. पुढं १९६२ च्या कायद्यानं महाराष्ट्रात मुलकी पाटलाचं पदच गेलं. कुलकर्णी वतनं तर शाहू महाराजांनी संस्थानात १९१८ सालीच काढून पगारी तलाठी नेमले होते. पदं गेली, आडनावं मात्र जोरात.

दुपारी आबांनी पिशवीतून एका फेरफाराची नक्कल काढली. घरी देव्हाऱ्यामागं होती म्हणे, कुणाला वाचता येत नव्हती. मी वाचली, परत वाचली. 'बाळा बिन रामजी चौगुले मयत, वारस मुलगा दत्तू.' सर्व्हे नंबर आबांच्या आजच्या उताऱ्याच्या मागच्या साखळीत होता तोच. दत्तू म्हणजे आबांचे वडील. रजिस्टरात चौगुल्यांकडं वळलो तर चौथ्या पानावर बाळा बिन रामजी घावला, आणि जातीच्या रकान्यात हवं ते होतं.

"चौगुला म्हंजे?"

"पाटलाच्या हाताखालचा. त्याचा मदतनीस."

आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे आमी असिस्टंट व्हय!" पुतण्याला हसू आवरेना.

मग हळूहळू त्यांनाच आठवलं. दत्तू लहानपणी आजोळी वाढले. मामा पाटील, वाडा पाटलाचा. शाळेत घालायला मामाच घेऊन गेला. मास्तरांनी समोर दिसलं ते लिहिलं असणार. असल्या गोष्टी मी इतक्या पाहिल्यात, की आता नवल वाटत नाही. माझंच बघा, घरच्या दारावर पोवार, पासपोर्टावर पवार. संगणकाच्या लेखी मी दोन माणसं.

पुतण्या म्हणाला, याला गणितही आहे. गाल्टन आणि वॉटसन या दोघा इंग्रजांनी १८७० च्या दशकात घराण्यांची नावं कशी नाहीशी होतात याचा हिशेब मांडला. आडनाव मुलग्याकडूनच पुढं जातं असं धरलं, तर एकुलत्या एका मुलाला नुसत्या मुली झाल्या की नाव संपलं. थोडक्या घरांची आडनावं अशी निव्वळ योगायोगानं गळत जातात, शेकडो घरांची सहसा तगतात.

गणित बरोबर असेल. पण त्यात मामा कुठं बसतो, मी विचारलं. पाटील एवढे झाले ते काय नुसती पोरं जास्त झाली म्हणून? बाहेरून लोक येऊन मिळाले की! या एका टेबलावर चौगुल्यांचं एक घर कमी झालं आणि पाटलांचं एक वाढलं, आणि कुणाच्या घरात पाळणासुद्धा हलला नव्हता.

आबांचं लक्ष नव्हतं. ते फेरफाराची नक्कल परत देव्हाऱ्यातल्यासारखी नीट घडी घालून ठेवत होते.

"मग आता चौगुले लावणार काय?" मी गमतीनं म्हटलं.

"छ्या! धा कागद बदलाय लागतील. आन गावात पाटील म्हनून वळखतंय कोन आमाला? दारात हौद हाय न्हवं, हौदवाले म्हंत्यात."

नक्कल तयार झाली की कळवायचं म्हणून त्यांचा नंबर घेतला. मोबाइलात नुसतं 'पाटील' टाकलं तर पडदाभर यादी आली. सगळं पुसलं आणि लिहिलं, 'आबा हौदवाले'.