पंचवीस प्रती

रविवार, रात्री

दुपारभर अमेरिकन लेखक हर्मन मेल्विलबद्दल वाचत होते. त्याचं नाव निघालं की ठरलेली हळहळ असते : बिचाऱ्याला हयातीत कुणी विचारलं नाही. पण 1846 मध्ये त्याचं पहिलं पुस्तक 'टायपी' आलं तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा होता आणि चांगला गाजला होता. व्हेलच्या शिकारी जहाजावरून पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवर पळालेला खलाशी! लोकांना त्याच्याकडून तसलंच अजून हवं होतं. त्यानं 1851 मध्ये 'मोबी डिक' ही कादंबरी दिली. त्यात व्हेलच्या हाडामांसावरच प्रकरणंच्या प्रकरणं. (अनेकांचा तिथे अंत होतो, मला हल्ली तीच जास्त आवडतात.) लंडनच्या आवृत्तीत निवेदक वाचल्याचं सांगणारा उपसंहारच नव्हता. सगळं जहाज बुडालं, तर मग गोष्ट सांगायला उरलं कोण, असं समीक्षकांनी विचारलं. बरोबरच आहे म्हणा.

मी अडकले ते पुढच्या वर्षांत. 1866 पासून 19 वर्षं तो न्यूयॉर्कच्या बंदरावर जकात निरीक्षक होता. सुरुवातीचा पगार रोजचे 4 डॉलर. पुढच्याच वर्षी थोरला मुलगा माल्कम घरातच पिस्तुलाच्या गोळीनं गेला. आणि हा माणूस नोकरी सांभाळून सुमारे 18,000 ओळींचं काव्य लिहीत होता! 'क्लारेल' 1876 मध्ये मामाच्या पैशांतून छापलं गेलं. न खपलेल्या प्रती रद्दीत काढायला पुढे त्यानंच संमती दिली.

म्हातारपणीचे दोन कवितासंग्रह त्यानं प्रत्येकी फक्त 25 प्रती छापून घेतले. मला यात केविलवाणं काही वाटत नाही. एकेकाळच्या गाजलेल्या लेखकाला पंचवीस वाचक पुरेसे वाटावेत, हा मला माजच वाटतो, आणि तो आवडतो.

'बिली बड' ही कादंबरिका तर 1891 मध्ये तो गेला तेव्हा अपुरीच होती. बायकोनं कागद जपले, नातीनं ते त्याचा चरित्रकार रेमंड वीव्हर याला दाखवले, 1924 मध्ये पुस्तक निघालं. पण हस्तलिखितात एवढी खाडाखोड की गोष्टीतल्या युद्धनौकेचं नाव त्यानं शेवटी बदललं होतं, हे 1962 च्या आवृत्तीपर्यंत नीट कळलं नव्हतं. प्रकाशक दारात उभा नाही, वाचक वाट बघत नाहीत, आणि हा जहाजाचं नाव पुन्हा पुन्हा तपासतोय!

ती आवृत्ती मागवायची आहे.