खापरपणजोबा नुसते मॅट्रिकच का?

कुलवृत्तान्ताच्या, म्हणजे घराण्याची वंशावळ आणि माहिती छापण्याच्या, कामात पडल्यापासून एक प्रश्न मला हमखास येतो. कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी मुंजीच्या घरी चपला शोधताना. "आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे तुम्ही 'मॅट्रिक' एवढंच लिहिलंत. पुढे शिकले नाहीत का? आणि घरी तर सांगतात की ते मुंबई विद्यापीठात होते. मग कुठल्या वर्गात होते?" विचारणाऱ्याच्या आवाजात जरा हिरमोड असतो. घरात तीन इंजिनियर, एक नात कॅलिफोर्नियात, आणि ज्यांच्या नावाचा इतका बोलबाला ते आजोबा दहावी पास! तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तरच लिहितो.

आधी वर्गाचं. ते विद्यापीठाच्या कुठल्याच वर्गात नव्हते, कारण विद्यापीठाला वर्गच नव्हते. १८५४ साली चार्ल्स वुडचा शिक्षणाविषयीचा खलिता विलायतेहून आला आणि कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे विद्यापीठं काढायचं ठरलं. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवणं कॉलेजांनी करायचं. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची आणि कुठल्या कॉलेजला संलग्न करायचं ते ठरवायचं. विद्यापीठ म्हणजे काय, तर एक सिनेट (कारभार बघणारी सभा, तिचे सभासद म्हणजे फेलो), एक रजिस्ट्रार, काही परीक्षक आणि दप्तर. गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती. स्वतःची इमारतसुद्धा नाही. टाउन हॉलवर भागवलेलं. विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतलं ते विसाव्या शतकात. समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ साली. म्हणजे 'रानडे मुंबई विद्यापीठात शिकले' हे वाक्य बरोबर असलं तरी ते शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. विद्यापीठाने त्यांना फक्त तपासलं.

या विद्यापीठाच्या कायद्याची तारीख १८ जुलै १८५७. तारखेकडे नीट बघा. कलकत्त्याचा कायदा जानेवारीत झाला होता, तेव्हा सगळं शांत होतं. मुंबईची पाळी येईतो उत्तर हिंदुस्थान पेटलेला होता. त्याच आठवड्यात इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेने कानपूर परत घेतलं आणि नानासाहेब पेशवे तिथून निसटले. आणि त्याच आठवड्यात कलकत्त्यात बसून कोणीतरी मुंबईच्या पोरांची परीक्षा कशी घ्यावी यावर सही करत होतं. सरकार म्हणतात ते याला! गंमत पुढेच आहे. नानासाहेबांचे दत्तक वडील दुसरे बाजीराव. त्यांनी बांधलेल्या विश्रामबाग वाड्यात इंग्रजांनी १८२१ साली संस्कृत पाठशाळा काढली, तीही पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून. तिचंच पुढे पूना कॉलेज झालं आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज. दक्षिणा फंडातून मग 'दक्षिणा फेलो', म्हणजे कॉलेजातले वेतन मिळणारे हुशार पदवीधर, नेमले जाऊ लागले. श्रावणात वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा पन्नास वर्षांत इंग्रजी कॉलेजातल्या फेलोंच्या खिशात आली.

आता मॅट्रिक, म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. पहिली १८५९ साली झाली. शंभरावर मुलं बसली, पास झाली ती दोन डझनांच्या आत. इंग्रजी आणि आणखी एक भाषा, गणित, इतिहास-भूगोल, शास्त्राची तोंडओळख. कागदावर आजच्या दहावीहून फार वेगळं दिसत नाही. पण पेपर इंग्रजीत, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा अख्ख्या इलाख्यात मोजक्या. मालवणात जन्मलेल्या भांडारकरांना आधी रत्नागिरी गाठावी लागली आणि मग मुंबई. रानडे निफाडचे, शिकले कोल्हापुरात, आणि तिथून मुंबईला आले. पुण्याहून मुंबईला यायचं तर तेव्हा रेल्वे खंडाळ्यापर्यंत. घाट पालखीने किंवा पायी उतरायचा आणि खोपोलीला पुन्हा गाडी धरायची. बोरघाटातून सलग रूळ पडले ते १८६३ साली.

त्या पहिल्या तुकडीतले चौघे १८६२ साली बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. एवढेच, चार. त्या वेळी सिंधपासून धारवाडपर्यंत सगळा मुलूख या विद्यापीठाच्या पदराखाली होता आणि पाच वर्षांच्या कारभारातून चार पदवीधर निघाले होते. पदवीदान समारंभ टाउन हॉलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या अध्यक्षतेखाली झाला. त्या थाटामाटापुढे हे चार तरुण कसे दिसले असतील, याची कल्पना मी पुष्कळदा करतो. रानडे तेव्हा वीस वर्षांचे होते आणि वाचून वाचून डोळे अधू करून बसले होते.

मग दरवर्षी हाच रिवाज पडला. समारंभात कुलपती किंवा कुलगुरू वर्षाचा आढावा घ्यायचे: किती बसले, किती उतरले, कुठलं कॉलेज संलग्न झालं, कोणी किती देणगी दिली. आणि दरवर्षी निघायचं विद्यापीठाचं कॅलेंडर. भिंतीवर टांगायचं नव्हे, जाडजूड पुस्तक. त्यात कायदा, नियम, फेलोंची यादी, पास झालेल्यांची नावं आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. आमच्यासारख्यांचा सगळा धंदा या पुस्तकावर चालतो. एक अडचण मात्र आहे. स्पेलिंगं मनाला येईल तशी असतात. कुठे आडनाव आहे, कुठे नुसतं वडिलांचं नाव. एकाच नावाचे दोघेतिघे निघाले की खापरपणजोबा नेमके कोणते, यावर भाऊबंदकीत नवा खटला उभा राहतो.

ही कॅलेंडरं ओळीने वाचली की एक गोष्ट लक्षात येते. विद्यापीठाची वार्षिक प्रगती म्हणजे काय, हे मोजायचं त्या लोकांकडे एकच माप होतं: परीक्षार्थी. १८६०च्या दशकात पदवीधर एका खोलीत मावतील एवढे. १८८०च्या दशकात मॅट्रिकला बसणारे हजारांच्या घरात. अहमदाबाद, कोल्हापूर, बडोदा, भावनगर, कराची. कॉलेजं वाढत गेली. १८८५ला पुण्यात फर्ग्युसन निघालं, तेही सरकारने नव्हे, टिळक-आगरकरांच्या मंडळीने काढलेलं. टिळक आणि आगरकर दोघेही याच चाळणीतून गेलेले, दोघेही डेक्कन कॉलेजचे. पण बसणारे वाढले तसे पडणारेही वाढले. बहुतेक वर्षी निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं आपटायची, आणि नापास झालं म्हणून कोणी फी परत करत नसे. विद्यापीठाच्या उत्पन्नात परीक्षा-फीचा वाटा मोठा. म्हणजे विद्यापीठाचा संसार पास होणाऱ्यांइतकाच नापास होणाऱ्यांनीही चालवला, असं म्हणायला हरकत नाही. आभार मात्र त्यांचे कोणी मानल्याचं वाचनात नाही.

म्हणून 'नुसतं मॅट्रिक' म्हणू नका. मॅट्रिक झालेला माणूस कचेरीत कारकून होऊ शकत होता, शाळेत मास्तर होऊ शकत होता, वकिलीच्या खालच्या परीक्षांची तयारी करू शकत होता. तालुक्याच्या गावी तार आली तर ती वाचून घ्यायला लोक त्याच्याकडे जात. इतकंच काय, 'बी.ए. नापास' हीसुद्धा पात्रता होती. लोक ती अर्जात लिहीत. कारण बी.ए.ला बसलेला म्हणजे मॅट्रिक पार केलेला, मधल्या परीक्षाही ओलांडलेला. आमच्याकडे आलेल्या माहितीपत्रकांत पुष्कळ घरांनी हे 'नापास' गाळून टाकलेलं असतं. मी विनंती करतो, गाळू नका.

इमारतीचं विचारणारेही असतात, तर थोडक्यात. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ साली ग्रंथालयाला दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्याला दोन लाख दिले. अट एवढीच की मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला, शेअरांचा फुगा फुटला आणि प्रेमचंदशेठ बुडाले. विद्यापीठाचे पैसे आधीच हातात पडले होते म्हणून वाचले. कावसजी जहांगीर यांच्या एक लाखाच्या देणगीतून सभागृह १८७४ला पुरं झालं, मनोरा १८७८ला. नकाशे गिल्बर्ट स्कॉटचे, आणि हा गृहस्थ मुंबईत कधी आलाच नाही. २८० फुटांचा तो मनोरा सुरतेच्या एका वाण्याच्या आईच्या नावाने उभा आहे, ज्या इलाख्यात तेव्हा बायकांना मॅट्रिकला बसायची मुभा नव्हती.

ती मुभा मिळाली १८८३ साली. त्या आधी नियमांत सगळीकडे पुल्लिंग, आणि तेच कारण पुढे केलं जाई. त्याच साली कलकत्ता विद्यापीठात कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या होत्या, म्हणजे मुंबई मागेच होती. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, नाशिकला जन्मलेली, डेक्कन कॉलेजची. ती परीक्षेत अव्वल आली, पण त्या क्रमांकाला इंग्लंडची जी शिष्यवृत्ती मिळायची ती बाई म्हणून तिला नाकारली गेली. नंतर लोकांनी वर्गणी जमवून तिला ऑक्सफर्डला पाठवलं. तिथे तिने १८९२ला कायद्याची परीक्षा दिली आणि त्या परीक्षेची पदवी तिच्या हातात पडली १९२२ साली. तेव्हा मुंबईला एकटीला कशाला नावं ठेवा! आणि आम्हीही काही वेगळे नाही. कुलवृत्तान्तात बायकांच्या नावापुढे माहेरचं नाव, सासरचं नाव, अपत्यं. 'शिक्षण' हा रकाना त्यांच्यासाठी जुन्या आवृत्त्यांत छापलेलाच नाही.

आणि ज्यांचे कुलवृत्तान्तच निघाले नाहीत त्यांचं काय? पास झालेल्यांच्या याद्यांमध्ये हिंदू नावांत ब्राह्मण, प्रभू, शेणवी यांचीच गर्दी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे (सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे) निवेदन दिलं, त्यात हिशेबच मांडला आहे: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच निवेदनात विद्यापीठाबद्दल आणखी एक मागणी आहे, तिकडे फारसं कोणी बघत नाही. खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेला बसू दिलं हे चांगलं झालं, पण हीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या, असं ते म्हणतात. पुष्कळांना नाना कारणांनी कॉलेजात जाऊन शिकणं जमत नाही. मला ही मागणी फार मार्मिक वाटते. विद्यापीठ शिकवत नाही, नुसतं तपासतं, असंच जर आहे, तर मग कोण कुठे शिकला याची चौकशी त्याने का करावी?

ज्यांना फक्त रानड्यांचं विचारायचं असतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्यांच्या चरित्रांत येते ती: विद्यार्थिदशेत त्यांनी मराठेशाही आणि इंग्रजी अंमल यांची तुलना इंग्रजांना न रुचेल अशी केली, म्हणून प्राचार्य अलेक्झांडर ग्रँटने त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. हाच ग्रँट पुढे विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच १८६०च्या दशकात मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषा कॉलेजच्या परीक्षांतून उठल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा बसल्या. संस्कृताचं त्यात भलं झालं. ब्यूलर, कीलहॉर्न यांच्यासारखे पंडित इथे शिकवून गेले आणि भांडारकर उभे राहिले. हेच भांडारकर १८९३ साली कुलगुरू झाले, काशिनाथ त्रिंबक तेलंगांच्या पाठोपाठ. म्हणजे पहिल्या चौघांतला एक त्याच विद्यापीठाच्या खुर्चीवर बसला. पण मराठी बाहेरच. तिला आत घ्यावं म्हणून रानडे सिनेटमध्ये वर्षानुवर्षं भांडले. १६ जानेवारी १९०१ला ते गेले, आणि एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली ती त्याच वर्षी, ते गेल्यानंतर.

तर तुमच्या खापरपणजोबांनी कदाचित घरी मराठीत विचार करून पेपर इंग्रजीत लिहिला असेल आणि दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेतलं असेल. घरात जुन्या ट्रंकेत विद्यापीठाचं सर्टिफिकेट असेल तर त्यावर साल बघा आणि मला कळवा. नाव इंग्रजीत कसं लिहिलंय तेही जसंच्या तसं उतरवून पाठवा. सर्टिफिकेट नसेल आणि 'बसले होते, पण झाले नाहीत' एवढंच ठाऊक असेल, तरी तेही पाठवा. आणि त्यांच्या बायकोला अक्षरओळख होती का, हे घरातल्या कोणाला माहीत असेल तर तेही लिहा. नव्या आवृत्तीत तो रकाना आम्ही ठेवतोय.