बसून सत्त्याण्णव, चालून नव्वद

सांगली, २३ ऑगस्ट २०२१, श्रावणी सोमवार

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन आज मिरजेला जाऊन आलो. कोविडमधून उठवून घरी सोडल्यानंतर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायचा, असं डॉक्टरांनी मे महिन्यातच कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी तेव्हाची आणि आजची फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवली. तेव्हा दोन्ही फुप्फुसं खालच्या बाजूला पांढरी धोप होती. आज डाव्या बाजूला एक बारीक रेघ तेवढी उरली आहे. आईंनी तिथंच हात जोडले.

फुप्फुसं किती बिघडलीत ते सांगणारा सिटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १५ आला होता तेव्हा घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मग घरी सोडलं आणि सगळ्यांचे फोन आले, "सुटलात बघा एकदाचे!" माझ्या मते खरी कसोटी तिथून पुढेच सुरू झाली. दवाखान्यात नर्स असते, मॉनिटर असतो. घरी आपणच.

जूनमधली गोष्ट. अण्णा खुर्चीत बसून बोटाला ऑक्सिमीटर लावायचे आणि मला आकडा दाखवायचे. "बघ की, सत्त्याण्णव हाय. मला आता काय धाड भरलीय?" डॉक्टरांनी मात्र सहा मिनिटं चालवून बघायला सांगितलं होतं. ह्यांनी मोबाईलवर वेळ लावली आणि अण्णा सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागले. दुसऱ्या मिनिटाला बोलणं थांबलं. चौथ्या मिनिटाला खांदे वर उचलले जाऊ लागले, श्वासाबरोबर गळ्याखालची खळगी आत ओढली जायला लागली. आकडा ९४, ९२, मग ९०. लगेच बसवलं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला लावला, तेव्हा कुठं तो पुन्हा वर चढला. चालल्यावर ऑक्सिजन चार अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरला, तर फुप्फुस अजून सावरलेलं नाही असं धरायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. आम्ही कळवलं, आणि त्यावरून पुढचे उपचार ठरले. नुसता बसल्या जागचा आकडा बघून गप्प राहिलो असतो तर, हा विचार अजून मनातून जात नाही. ज्यांच्या घरी कुणी नुकतं परतलं आहे त्यांनी हे तेवढं ध्यानात ठेवावं. चालवताना शेजारी माणूस आणि हाताशी खुर्ची हवीच.

मग स्टेरॉइडच्या गोळ्या. अण्णांना कधी मधुमेह नव्हता. सकाळची उपाशीपोटी साखर बरी यायची, पण दुपारच्या जेवणानंतर २८० च्या घरात. गोळी सकाळी घेतली की तिचा जोर दुपारनंतर दिसतो, म्हणून फक्त सकाळी तपासून भागत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. शिवाय तेव्हा काळ्या बुरशीची, म्हणजे कोविडनंतर साखर वाढलेल्यांना गाठणाऱ्या म्युकरमायकोसिसची दहशत. रोज दात घासताना मी विचारायची, दात दुखतात का, गालाला बधिरपणा आहे का, नाकातून काळपट काही येतं का. अण्णा वैतागायचे. वैतागू देत.

गोळ्या कमी कमी करत आणायच्या होत्या, तेवढ्यात जुलैत महापूर. कृष्णेनं आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि गावभाग सोडून आम्ही विश्रामबागला नणंदेकडे गेलो. बाकीचं सामान ह्यांनी आवरलं. मी आधी फाईल, गोळ्या आणि साखर तपासायचं मशीन पिशवीत भरलं. स्टेरॉइड मध्येच एकदम बंद करता येत नाही. बाहेरून मिळत असताना शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, ते परत चालू व्हायला वेळ लागतो. एकही गोळी चुकली नाही.

आज डॉक्टरांच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालले. सुरुवातीला ९७, शेवटी ९५. साखरही गोळ्या बंद झाल्यापासून उतरली आहे. वजन मात्र अजून भरलेलं नाही, मांड्या पार सुकल्यात. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम चालू ठेवायचा आणि रोज उसळ, दूध, पनीर पोटात जायलाच हवं.

यावरूनच सकाळी वाद झाला होता. अण्णांना सोमवार धरायचा होता. "आयुष्यभर मोडला न्हाई, आता मोडू व्हय?" साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढून अंगात काय भरणार? शेवटी आई म्हणाल्या, "यंदाचा तुमच्या वाटचा मी धरते, तुम्ही जेवा." त्यावर अण्णा एक शब्द बोलले नाहीत, मुगाची उसळ मुकाट जेवले.

लशीलाही आता हरकत नाही. बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं, ते झाले. उद्या हे केंद्रावर चौकशी करून येतील.

मार्केट यार्डात मात्र इतक्यात जायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हळदीच्या सौद्यांत धूळ केवढी उडते, ते अण्णांनीच डॉक्टरांना सांगून टाकलं. अण्णांचा सगळा जीव तिथं, मला कळतं ते. दिवाळीनंतर पुन्हा दाखवायचं आहे, तेव्हा मास्क लावून तासभर जाऊन आलं तर चालेल का हा प्रश्न मी आत्ताच फाईलवर लिहून ठेवला आहे.