घटातला गहू आणि उलटे आकडे

सोमवारी परिपाठाआधी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याची पाळी तिसरीतल्या एका मुलीची होती. मी सांगत होते आणि ती लिहीत होती: कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती, जन्म २२ सप्टेंबर, गाव कुंभोज, साल अठराशे सत्त्याऐंशी. तिने वळणदार अक्षरात '१८७८' असे लिहिले, खडू ठेवला आणि हात झटकले. घंटा झाली होती आणि मुले रांगेत उभी होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत आणि प्रतिज्ञा झाल्यावर चौथीतल्या एका मुलाने ते साल मोठ्याने 'अठराशे अठ्ठ्याहत्तर' असे वाचले, तेव्हा तीच मुलगी सर्वांत आधी म्हणाली, "बाई, तो चुकीचं वाचतोय."

तो बरोबर वाचत होता, आणि खरे म्हणजे तिनेही ऐकले तसेच लिहिले होते. 'सत्त्याऐंशी' या शब्दात सात आधी ऐकू येतात आणि ऐंशी नंतर. तिने सात आधी लिहिला आणि आठ नंतर. आठवडाभर आमच्या वर्गात जे जे झाले, त्याच्या मुळाशी कुठे ना कुठे हाच उलटा आकडा होता.

आमची शाळा भोर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. पट छत्तीसचा. पहिली-दुसरी गुरुजींकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत, दोन बाजूंना तोंड करून बसलेली. एका वर्गाला लेखनकाम देऊन दुसऱ्याला शिकवायचे, हा आमचा नित्यक्रम. मात्र ज्या वर्गाला लेखनकाम दिलेले असते, त्याचे कान नेमके दुसऱ्या वर्गाच्या पाठाकडे असतात, हे कुठल्याही टाचणवहीत लिहिलेले नसते.

यंदा कर्मवीरांची जयंती आणि घटस्थापना एकाच दिवशी आली. परिपाठात मी मुलांना सांगितले, की भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह आहे. झाडाचा विषय निघाल्यावर मी मनात ठरवलेला उपक्रम पुढे केला. त्याचे बी गेल्या वर्षीचे होते. दसऱ्यानंतर एक मुलगी केसांत घटातले अंकुर खोचून शाळेत आली होती आणि तिने विचारले होते, "शेतातला गहू हिरवा असतो, मग घटातला पिवळा का?" त्या वेळी मी उत्तर सांगून मोकळी झाले होते. मुलांनी तेच उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवे होते, असे मला नंतर वर्षभर वाटत राहिले.

म्हणून या सोमवारी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घेतले. मुलांनी खाचराच्या बांधावरून माती आणली आणि रात्रभर भिजवलेले गव्हाचे प्रत्येकी वीस दाणे दोन्ही डब्यांत पेरले. एक डबा खिडकीत ठेवला आणि दुसरा वह्यांच्या लोखंडी कपाटात, दार लावून. पाणी दोघांना सारखेच, औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून चार टोपणे. 'कपाटातला' आणि 'खिडकीतला' अशी त्यांची नावे मुलांनीच ठेवली. भिंतीवर तक्ता लावला: वार, कपाटातला, खिडकीतला.

मंगळवारी मातीत काहीच दिसत नव्हते. गणिताच्या तासाला मी पोषण आहाराचे उदाहरण घेतले. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण मुलांना तोंडपाठ आहे, कारण तांदूळ मोजताना ती ताणकाट्याभोवती उभी असतात. हजेरी घेऊन उपस्थितीचा आकडा स्वयंपाकघरात नेण्याचे काम त्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाकडे होते. चिठ्ठीवर मी '३४' लिहिले होते. त्याने वाटेत चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि मावशींना तोंडी सांगितले, "त्रेचाळीस." मावशींनी तांदळाच्या पोत्यात हात घालण्याआधी कमरेवर हात ठेवला आणि विचारले, "आज नऊ पोरं जास्तीची कुठनं आली रं? पाव्हणं हायेत का?" चूक तिथेच मिटली, पण वर्गात आम्ही ती मुद्दाम पुन्हा उघडली. चौतीस मुलांना ३ किलो ४०० ग्रॅम आणि त्रेचाळीस मुलांना ४ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे ९०० ग्रॅमचा फरक. तेवढा तांदूळ मुलांनी ताणकाट्याला लावून पाहिला. उलट लिहिलेल्या आकड्याचे वजन हाताला इतके जड लागेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

इथे थोडे माझ्याविषयी सांगितले पाहिजे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस', 'बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. वृत्तपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत विषय निघाला, आणि मोबाइलवर विनोदांचा पूर आला. त्या विनोदांतले दोन-तीन मीही पुढे पाठवले होते, हे आज कबूल करते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे समजावून सांगत होत्या, की मराठी संख्यानामांतली जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना अडचणीचा ठरतो. मला त्या वेळी ते पटले नव्हते. आपण सारे याच शब्दांनी शिकलो, मग आताच्या मुलांना काय झाले, हा माझा नेहमीच्या घाईचा प्रश्न होता.

नंतर वर्गात बसून चुका मोजायला लागले, तेव्हा मत बदलले. आपल्या संख्यानामांचा क्रम संस्कृतातून आला आहे. 'एकविंशति' मध्ये एक आधी, वीस नंतर. तसेच आपले एकवीस. शेजारच्या कन्नडमध्ये आणि तेलुगूमध्ये वीस आधी म्हणतात आणि एक नंतर, म्हणजे आकडा लिहितात त्याच क्रमाने. एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ यांचे गणित तर आणखी वेगळे: 'एकोण' म्हणजे एकाने उणे, म्हणून मूल 'साठ' ऐकते, पण लिहायचे असते पन्नासच्या घरातले. आणि सगळे 'एकोण' पाठ झाले, असे वाटते तोवर नव्याण्णव येतो आणि 'एकोणशंभर' व्हायला साफ नकार देतो. जुनी नावे टाकून द्यावीत, असे मला मुळीच वाटत नाही. बाजारात, घरात आणि गोष्टींत तीच आहेत आणि तीच राहणार. पण 'साठ तीन, म्हणजे त्रेसष्ट' अशी एक पायरी मध्ये ठेवली, तर उडी मारणाऱ्याचा पाय मुरगळत नाही.

बुधवारी मराठीच्या तासाला शेतीचे शब्द गोळा केले. ऊसतोडीच्या कामानिमित्त इकडे आलेल्या एका कुटुंबातली मुलगी 'वावर' म्हणते, आमची मुले 'खाचर' म्हणतात, आणि पुस्तकात 'शेत' असते. तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. खाचरात पाणी साठवतात आणि वावरात नाही, असा फरक त्या मुलीनेच सांगितला, आणि तो मान्य करायला चौथीच्या बाजूने मध्येच दाद आली.

गुरुवारचा दीड तास कुठल्याशा ऑनलाइन माहितीने खाल्ला. डोंगराच्या कुशीत नेटवर्क शोधत मी पायरीवर मोबाइल वर धरून उभी होते, आणि वर्गात मुले स्वतःच मोजमाप करत होती. बुधवारी माती फुगून पांढरी टोके दिसली होती. गुरुवारी ती चांगली वर आली होती. पट्टी मातीत खोचून मोजायला गेलो तर गोंधळ होतो, कारण पट्टीचे शून्य कडेपासून थोडे आत असते. एका मुलाने युक्ती काढली: वहीच्या कागदाची पट्टी रोपाशेजारी उभी धरायची, शेंड्यापाशी पेन्सिलीने खूण करायची आणि मग ती कागदपट्टी बाकावर आडवी ठेवून मोजायची. मला हे सुचले नव्हते. कपाटातले सर्वांत उंच रोप ३१ मिलिमीटर, खिडकीतले २४.

मिलिमीटर हे तिसरीला खरे तर जरा पुढचे आहे. तरीही मी तेच निवडले, कारण पट्टीवर एका सेंटिमीटरमध्ये दहा बारीक रेघा असतात. सहा सेंटिमीटर आणि वर दोन रेघा, म्हणजे सहा दहा आणि दोन, म्हणजे साठ दोन, म्हणजे बासष्ट. दशक-एककाचा तक्ता मी कितीदा काढला असेल. पट्टीवर तो छापूनच आलेला असतो, हे माझ्याही उशिरा लक्षात आले.

शुक्रवारी नेमके हेच माप आले. एका मुलीने कागदपट्टी मोजली आणि मोठ्याने सांगितले, "कपाटातला बासष्ट." तक्त्यावर लिहिणाऱ्या मुलाने लिहिले: २६. वर्गात शांतता होती. मी पुढे जाऊन चूक दाखवायच्या बेतात होते, इतक्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, "काल एकतीस होता. रात्रीत आखडला का काय?" सगळे हसले, लिहिणारा मुलगाही हसला, पण त्याने लगेच पुसले नाही. तो कपाटापाशी गेला, दार उघडून त्याने रोप पाहिले, परत आला, "साठ... दोन," असे पुटपुटला आणि मगच २६ वर रेघ मारून ६२ लिहिले. गेल्या तीन महिन्यांत त्याच्या वहीत अशा चुकांभोवती मी लाल पेनाने किती गोल केले असतील! गोल केलेला आकडा त्याने आजवर माझ्यासाठी दुरुस्त केला होता. या वेळी दुरुस्ती गव्हासाठी होती.

खिडकीतले रोप शुक्रवारी ४१ मिलिमीटरवर होते, आणि यावर वाद पेटला. उजेडात ठेवलेले ठेंगणे आणि अंधारातले उंच, हे मुलांना अन्यायाचे वाटले. "कपाटातला जास्त जोमात आहे," असे सहा जणांचे मत पडले. मग दोन्ही डबे शेजारी ठेवून पाहिले. कपाटातली पाती पिवळसर, लांबट, बारीक होती आणि डबा हलवला की कलंडत होती. खिडकीतली हिरवी, आखूड आणि ताठ होती. उजेडाशिवाय गव्हाच्या पात्यात हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून रंग येत नाही. आणि उजेड कुठे आहे ते शोधण्यासाठी रोप दाण्यात साठवलेली सारी शिदोरी उंची वाढवण्यात खर्च करते. हे मी सांगितले खरे, पण त्याआधीच एका मुलीने सांगून टाकले होते, "ते बाहेर यायला धडपडतंय, म्हणून लांब झालंय." माझ्या वाक्यापेक्षा तिचे वाक्य तक्त्याखाली लिहिले गेले. गेल्या वर्षीचा प्रश्न विचारणारी मुलगी आता चौथीत आहे. तिने पलीकडच्या रांगेतून मान वळवून पाहिले आणि म्हणाली, "देवघरात अंधार असतो ना, म्हणून."

शनिवारी सकाळची शाळा आणि दप्तराला सुट्टी. पाऊस धरून बसला होता, म्हणून भोंडला ओसरीतच घेतला. पाटावर तांदळाने हत्ती काढला, त्याचा डोळा तुरीच्या दाण्याचा केला आणि मुले-मुली सगळ्यांनीच फेर धरला. खिरापत ओळखायला अर्धा तास लागला. ती मावशींनी आणली होती आणि गोड की तिखट एवढेही त्या सांगायला तयार नव्हत्या. शेवटी निघाल्या वाटल्या डाळीच्या करंज्या. कोणालाच ओळखता आल्या नाहीत.

फेर संपल्यावर घाईघाईत मोजमाप झाले. कपाटातला ९१. खिडकीतल्याचे माप 'एकोणसाठ' असे सांगितले गेले आणि तक्त्यावर ६९ लिहिले गेले. या वेळी कोणी हरकत घेतली नाही, कारण ४१ वरून ६९ वर जाणे गव्हाला अशक्य नव्हते; आखडलेला गहू लगेच डोळ्यांत भरतो, थोडा जास्त वाढलेला भरत नाही. मलाही ते उशिराच कळले, मुले गेल्यावर बाकावर राहिलेली कागदपट्टी सहज मोजली तेव्हा. तक्ता मी दुरुस्त केलेला नाही. कागदपट्टी तक्त्याशेजारीच टाचणीने लावून ठेवली आहे. सोमवारी कोणाच्या लक्षात येते ते पाहू.

रविवारचे माप कोण घेणार, हा प्रश्न शनिवारी निघताना उभा राहिला. शुक्रवारी २६ लिहिणाऱ्या मुलाने कपाटातला डबा घरी नेण्याची परवानगी मागितली. वाटेत उजेड लागू नये, म्हणून त्याने डबा रेनकोटच्या आत पोटाशी धरला आणि छत्री असूनही तसाच वाकून गेला.

आज संध्याकाळी त्याच्या वडिलांच्या मोबाइलवरून फोटो आला. वहीच्या पानावर, रेघ ओढून, त्याने लिहिले आहे: 'रविवार. कपाटातला. एकशे चौदा.' शब्द अगदी शुद्ध आहेत. खाली, चौकटीत, मोठ्या अक्षरांत आकडा आहे: १००१४.

तक्त्यातल्या त्या रकान्यात मी तीनच अंकांपुरती जागा ठेवली आहे.