साक्री-नंदुरबारच्या काळ्या भिंती : जाण्यापूर्वी वाचावे

धुळ्याहून साक्रीमार्गे नंदुरबारकडे जाताना शेतांतून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात. त्यांच्या माथ्यावरून सहज चालत जाता येते, असे आम्हांला निघण्यापूर्वी सांगण्यात आले होते. ही माहिती खोटी आहे. चढण बरी आहे, परंतु उतार अत्यंत वाईट आहे आणि त्याचे कारण त्या दगडाच्या जन्मातच आहे.

या भिंती कोणी बांधलेल्या नाहीत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर साचत असताना जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांमध्ये शिलारस शिरला आणि तेथेच थिजला. पुढे आजूबाजूचा कमी टणक दगड झिजून गेला आणि भेगेतला घट्ट बेसाल्ट उघडा पडला. यालाच डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यातले बरेच डाइक साधारण पूर्व-पश्चिम दिशेचे असून त्यांतील काही 50 किलोमीटरहूनही लांब आहेत.

आता उताराविषयी. शिलारस निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत वाढतात. आडव्या पसरलेल्या लाव्हाथरात त्यामुळे उभे खांब तयार होतात. डाइकच्या बाजू मात्र उभ्या असल्याने तेथे खांब आडवे पडतात आणि रचलेल्या सरपणासारखे एकावर एक बसतात. त्यांची टोके झिजून सुटी झालेली असतात. भक्कम दिसणारा ठोकळा पाय ठेवताच फिरतो, आधाराला हात टाकावा तर बाभळीचे काटे, आणि दुपारी दगड इतका तापतो की त्यावर तळवा टेकवत नाही. घोट्यापर्यंतचे बूट नसतील तर वर जाऊच नये. नाल्याने जेथे डाइक तोडला आहे तेथूनच उतरावे. आडवे खांबही तेथेच सर्वांत स्वच्छ दिसतात. कडेचा दगड लवकर निवल्याने बारीक कणांचा आणि मधला भरड असतो, हा फरकही त्याच ठिकाणी हाताने तपासता येतो. शेतमालकाची परवानगी आधी घ्यावी.

धुळ्याजवळचा लळिंग किल्ला मात्र सोपा आहे. सकाळी उरकून घ्यावा.

जळगाव परिसरातील खाणींतून निघणारे स्फटिक हे दुसरे आकर्षण. लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, खनिजे विरघळलेले उष्ण पाणी त्यांत झिरपले आणि स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट यांचे स्फटिक वाढले. येथील हिरवे अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच फसवणूकही होते. एका विक्रेत्याने रंगवलेली गारगोटी हिरवे अपोफिलाइट म्हणून आमच्यापुढे ठेवली आणि भाव अस्सल नमुन्याचा सांगितला. कृत्रिम रंग तड्यांमध्ये गडद साचतो. अपोफिलाइटचा हिरवेपणा व्हॅनेडियममुळे येतो आणि तो स्फटिकाच्या आतून असतो. शंका आल्यास न दिसणाऱ्या बाजूला चाकूचे पोलादी टोक ओढून पाहावे : अपोफिलाइटची कठिनता (खनिजांच्या 1 ते 10 या मोह्स मापनात) 4.5 ते 5 असल्याने त्यावर ओरखडा उठतो, 7 कठिनतेच्या गारगोटीवर उठत नाही. विक्रेता ही चाचणी करू देत नसेल तर नमुना घेऊ नये. घेतलेला नमुना साध्या पाण्यानेच धुवावा, कारण आम्लाने त्यातील कॅल्साइट विरघळून जाते.