शाळेच्या यादीतून कोण कोण सुटतं

शाळेतली, आता हयात नसलेली माणसं आठवायची असं ठरलं की सगळ्यात आधी यादी करायला घेतात, आणि ती यादी बहुतेक वेळा शेवटच्या वर्षाच्या निकालावरून उतरवतात. मला वाटतं सगळी गडबड इथेच होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये सध्या हेच काम चालू आहे, गेलेले विद्यार्थी आणि स्टाफ यांची नावं गोळा करायचं, आणि नावं जमवायची जबाबदारी माझ्याकडे आहे म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बघा ना, निकालावरून यादी केली की त्यात कोण येतं? जे शेवटपर्यंत टिकले ते. मग जो मुलगा सातवीत असतानाच तापाने गेला तो कुठल्या बॅचचा? तो माजी विद्यार्थी झालाच नाही, शाळेत असतानाच गेला, त्याचं नाव हजेरीपटावर लाल शाईने खोडलं आणि पुढच्या वर्षीच्या पटावर ते आलंच नाही. कुठल्याच बॅचच्या लिस्टमध्ये तो नाही. ग्रुपवर एकीने त्याची आठवण काढली तेव्हा मग भराभर सगळ्यांना आठवायला लागलं, की तो डावखुरा होता, शेजारच्याच्या कोपराला त्याचं कोपर लागायचं म्हणून बाईंनी त्याला कायम बाकाच्या डाव्या टोकाला बसवलेलं, आणि तो गेल्यावर ती जागा बरेच दिवस कोणी घेतली नाही. एवढं सगळं लोकांच्या मनात स्वच्छ आहे आणि कागदावर मात्र काहीच नाही, हे मला फार लागलं.

तसंच जे मध्येच शाळा सोडून गेले त्यांचं. घरची परिस्थिती, वडिलांची बदली, नापास होणं, लवकर लग्न, कारणं काहीही असोत, पाच-सहा वर्षं आपल्याबरोबर बसलेली मुलं ती. आणि स्टाफमध्ये तर विचारूच नका. मुख्याध्यापक सगळ्यांना आठवतात, गणिताचे कडक सर आठवतात, पण एक वर्षासाठी बदलीवर येऊन गेलेल्या बाई, प्रयोगशाळेतले सहाय्यक, ऑफिसमधले क्लार्क, रात्रीचे वॉचमन, साफसफाईच्या मावशी? आमच्या मावशींकडे एक पत्र्याचा डबा असायचा, वर्ग झाडताना सापडलेलं सगळं त्यात, खोडरबर, पेनाची टोपणं, कर्कटक, केसांची रिबीन, एकदा तर एकाच पायाचा मोजा. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन वर्गाच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि ज्याचं त्याला द्यायच्या, न विचारता, कारण कुठली वस्तू कोणाची हे त्यांना पाठ होतं! त्यांना आम्हा सगळ्यांची नावं माहीत होती आणि आमच्यातल्या कोणालाच त्यांचं आडनाव सांगता आलं नाही.

हे फक्त आमच्याच शाळेचं नाही हं. यादीबाहेर राहिलेल्यांचा विचार कुठे कुठे झालाय ते मी वाचत होते, आणि सगळ्यात जास्त थांबले ती यानुश कोरचाकच्या दगडापाशी. कोरचाक म्हणजे पोलंडमधला मुलांचा डॉक्टर आणि लेखक, वॉर्सामध्ये अनाथ ज्यू मुलांचं घर चालवायचा, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला. ट्रेब्लिंकाच्या स्मारकात सुमारे १७,००० दगड आहेत, काहींवर गावांची नावं आहेत, पण एका माणसाचं नाव असलेला दगड एकच, त्याच्यावर लिहिलंय यानुश कोरचाक आणि मुलं. वाचून पोटात तुटतं. पण त्याच घरात स्टेफानिया विलचिन्स्का नावाची बाई होती, १९१२ मध्ये ते घर सुरू झाल्यापासून त्याच्याबरोबर काम करणारी, रोजचा कारभार बघणारी, आणि तीही त्याच दिवशी त्याच मुलांबरोबर गेली. दगडावर तिचं नाव नाही. दगड लावणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी अजिबात म्हणत नाही, पण प्रसिद्ध माणूस आठवला की शेजारी उभं असलेलं माणूस कसं सुटतं ते इथे स्पष्ट दिसतं.

उलट पॅरिसमध्ये काय केलंय बघा. १९४२ ते १९४४ या काळात फ्रान्समधून ११,००० हून जास्त ज्यू मुलांना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं, आणि आता पॅरिसच्या कितीतरी शाळांच्या दाराशी त्या मुलांसाठी पाट्या आहेत. पण त्यातली काही मुलं इतकी लहान होती की ती शाळेत जायलाच लागली नव्हती, म्हणजे कुठल्याच पटावर नाव नाही. त्यांच्यासाठी बागांमध्ये वेगळ्या पाट्या लावल्यात, नावं आणि वयं लिहून. कोणीतरी बसून विचार केला असणार ना, की शाळेच्या पाट्यांवरून कोण सुटतंय?

ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये पहिल्या महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचं स्मारक आहे, आणि त्याशिवाय एक वेगळी छोटी पाटी आहे तीन जर्मन विद्यार्थ्यांची, जे शिकले या कॉलेजात आणि लढले समोरच्या बाजूने. आपल्याकडे शिकला तो आपला, पुढे तो कुठे गेला हा नंतरचा प्रश्न. हार्वर्डच्या मेमोरियल हॉलमध्ये मात्र अमेरिकन यादवी युद्धात युनियनकडून, म्हणजे उत्तरेच्या बाजूने, मेलेल्या १३६ जणांचीच नावं आहेत, दुसऱ्या बाजूने लढलेल्यांची नाहीत. ते युद्ध गुलामगिरीवरून झालेलं त्यामुळे तिथला प्रश्न सोपा नाही, तो वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण आमची यादी करताना मी न्यू कॉलेजच्या बाजूची आहे.

आणि बर्लिन! श्योनेबर्ग भागातल्या एका प्राथमिक शाळेत, जिथे पूर्वी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं त्याच जागेवर, सहावीची मुलं गेली कितीतरी वर्षं एक भिंत बांधतायत. प्रत्येक मूल त्या भागातल्या, नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या एका ज्यू माणसाचं नाव निवडतं, कधी आपल्याच रस्त्यावर राहणारं, कधी आपलाच वाढदिवस असणारं, आणि ते नाव एका विटेवर लिहून ती वीट भिंतीत लावतं. १९९० च्या दशकात सुरू झालेलं हे, आता हजाराच्या वर विटा झाल्यात. एका मुलाने एकच नाव नीट सांभाळायचं, ही पद्धत मला इतकी पटली की आम्हीही तेच करतोय, ग्रुपमधल्या प्रत्येकाने एक नाव घ्यायचं आणि त्या माणसाबद्दल विचारपूस करून एक खरं वाक्य लिहायचं. खरं म्हणजे खरंच हं, मनमिळाऊ स्वभाव, हसतमुख चेहरा असलं नको, ते कोणालाही लागू पडतं. डावखुरा होता आणि बाकाच्या टोकाला बसायचा, असं हवं.

बाकी ठरलंय ते थोडक्यात सांगते. नावं अकारविल्हे, पदं आणि डिग्र्या नाहीत, मुख्याध्यापक आणि मावशी एकाच टाइपात. कोणाचंही नाव घरच्यांशी बोलल्याशिवाय टाकायचं नाही, कारण फॉरवर्डवर विसंबून जिवंत माणसाचं नाव छापलं गेलं तर त्या घराला काय वाटेल? कसे गेले ते लिहायचं नाही, घरचे स्वतःहून म्हणाले तरच. काही जणांनी आयुष्य स्वतःच संपवलं, तीही नावं बाकीच्यांसारखीच यादीत येणार, कुजबुज न करता, यावर ग्रुपमध्ये थोडी चर्चा झाली आणि शेवटी सगळे हो म्हणाले, त्याचं मला खूप समाधान आहे. आणि ज्या घरांना नको असेल त्यांचं नाव ठेवायचं नाही, तिथे वाद घालायचा नाही.

सध्या अडलंय ते जुन्या स्टाफपाशी. मावशींच्या मुलीचा पत्ता एका मैत्रिणीच्या आईकडून लागलाय, रविवारी आम्ही दोघी तिच्याकडे जाणार आहोत, आईचं पूर्ण नाव आणि ते कसं लिहायचं हे तिलाच विचारू. प्रयोगशाळेतल्या सहाय्यकांचं अजून काहीच हाती लागलेलं नाही, जुन्या बॅचमधलं कोणी हे वाचत असेल आणि काही आठवत असेल तर कळवा, अर्धवट आठवत असेल तरी चालेल, दुसरा अर्धा भाग दुसऱ्या कोणाकडे असतो असा आत्तापर्यंतचा अनुभव आहे.